जाड कागद

जिन्याच्या भांडणानंतर दीड वर्षं एकमेकांशी धड न बोललेली बहीणभावंडं त्या रविवारी सकाळी एका टेबलापाशी येऊन बसली, याचं श्रेय एका शब्दाला द्यायला हवं. तो शब्द म्हणजे ‘निरंक’. सैन्याच्या अभिलेख कार्यालयातून त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे हवालदारांच्या, सेवेच्या नोंदींची प्रत आली होती. त्यात भरतीची तारीख होती, उंची होती, डाव्या भुवईवरचा व्रणसुद्धा होता. आणि ‘पदके’ या शब्दापुढे कुणीतरी अगदी वळणदार अक्षरात लिहून ठेवलं होतं, निरंक.

टेबल टेलरबाईंचं. सहा फूट लांब, कडेला पितळी पट्टीचं माप ठोकलेलं, पन्नास वर्षं कापड बेतून बेतून गुळगुळीत झालेलं. घराच्या खालच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागे स्वयंपाकघर, वर मुलगा आणि सून. रविवारीही त्या टेबलावर कापड असायचंच. आज मात्र थोरल्या लेकीनं ते बाजूला सारून फाईल मांडली होती.

“आई, ती कात्री उचल आधी. कागदांपाशी कात्री नको,” लेक म्हणाली.

थोरली लेक एका शाळेची मुख्याध्यापिका. घरात सगळे तिला हेडबाई म्हणत, आणि पाठीमागे नाही, तोंडावर. टेलरबाईंनी निमूटपणे कात्री उचलली. वाक्य साधंच होतं, पण त्यांची नजर भिंतीवरच्या खिळ्याकडे गेली.

“वाचते, ऐका सगळ्यांनी,” हेडबाई म्हणाल्या. “‘अर्जदाराच्या सेवेतील दोन वर्षांचे पान, पलटण दुसऱ्या पलटणीत विलीन होताना गहाळ झाल्याचे दिसते. सोबत जोडलेली साक्ष पाहिली. तथापि केवळ साक्षीवरून शौर्यपदकाची नोंद करता येत नाही. मूळ प्रमाणपत्र, संपूर्ण अथवा खंडित, ज्यावर नाव, आदेश क्रमांक व सही वाचता येईल, असे मंगळवारपर्यंत सादर करावे.’ मंगळवार म्हणजे परवा.”

“मंगळवारच का?” धाकट्या मुलानं विचारलं. हा वायरमन. खिशाला टेस्टर अडकवल्याशिवाय त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं.

“भिंतीवरच्या नावांची यादी बुधवारी गवंड्याकडे जाणार म्हणून. तुला पत्र वाचायला दिलं होतं.”

“मला नव्हतं दिलं. हिला दिलं होतंस.”

“तुला द्यायचं म्हणजे वर यावं लागतं. आणि तू बांधलेला तो जिना चढून वर...”

“ताई, जिना मध्ये आणायचा नाही.”

“आणत नाही. तो मध्येच आहे. दारातून आत येताना कपाळ आपटतं त्याच्यावर.”

सून खुदकन हसली. ती पोस्टात काउंटरवर बसते. दिवसभर तिकिटं विकून आणि तक्रारी ऐकून ती कुणावरही चिडायचं विसरून गेली होती. नवऱ्याच्या आणि नणंदेच्या भांडणात दीड वर्षं इकडचे निरोप तिकडे तिनंच पोचवले होते, वजन न करता.

ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते हवालदार दारात स्टुलावर बसून बुटांना पॉलिश करत होते. वय एक्याऐंशी. पाठ अजून ताठ. या आठवड्यात त्यांनी तेच बूट तिसऱ्यांदा पॉलिशला घेतले होते, ही गोष्ट फक्त टेलरबाईंच्या नजरेतून सुटली नव्हती.

“बाबा, तुम्हाला प्रमाणपत्र दिलं होतं ना?” हेडबाईंनी शाळेतल्या आवाजात विचारलं.

“दिलं असेल.”

“असेल म्हणजे?”

“सैन्यात पुष्कळ कागद देतात. रजेचा देतात, इंजेक्शनचा देतात, चादर बदलल्याचा देतात.”

“शौर्यपदक आणि चादर एकच का?”

“चादर उपयोगी पडते,” हवालदार म्हणाले आणि बुटावर ब्रश जोरात ओढू लागले.

गेल्या महिन्यात बुटक्याचा फोन आला नसता तर यातलं काहीच उपटलं नसतं. बुटका म्हणजे हवालदारांच्या पलटणीतला जोडीदार. तो आता तीन पणतवंडांचा पणजोबा होता, पण फोनवर त्यानं स्वतःची ओळख बुटका अशीच करून दिली. पलटणीच्या आवारात दगडी भिंत उभी राहत होती. शौर्यपदक मिळालेल्यांची नावं तिच्यावर कोरायची होती. “तुझं नाव यादीत नाही, हे काय गौडबंगाल?” तो फोनमध्ये ओरडला. कानानं कमी ऐकू येत असल्यामुळे तो नेहमी ओरडतच बोलायचा, म्हणून साऱ्या घरानं ऐकलं. पुराच्या पाण्यात वाहून चाललेली गाडी, आत सात माणसं, आणि तारेचा दोर कमरेला बांधून पाण्यात उतरलेला एक ड्रायव्हर. दोन फेऱ्यांत दोर गाडीला अडकवता आला नाही, तिसरीत अडकला. “त्या सातांतला शेवटचा मी,” बुटका म्हणाला. “आणि माझ्यामागचे सगळे मिळून आता एकतीस जण!” हीच साक्ष त्यानं लिहून पाठवली आणि ती जोडून हेडबाईंनी अर्ज धाडला.

मुलांनी ही हकिकत पहिल्यांदाच ऐकली. विचारलं की हवालदार एवढंच सांगायचे, “गाडी चिखलात रुतली होती. ओढून काढली.”

टेलरबाईंना मात्र ती चौतीस वर्षांपासून ठाऊक होती. कशी, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

“मी म्हणतो, नको म्हणतायत ना ते, तर सोडून द्या,” वायरमन म्हणाला. “परवा कार्यालयात जायचं म्हणजे त्या पिशव्या मोजणं आलं. ताईच्या लग्नाला आपण दोन बस चुकवून पोचलो, आठवतं ना? ही तिकडे हार घालून उभी आणि आम्ही स्टँडवर, ‘एक, दोन, तीन, चार. पुन्हा मोजा!’”

“माझ्या बारावीच्या पेपरालाही,” हेडबाई म्हणाल्या. भावाशी त्यांचं एकमत झालं हे बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

“तीनदा मोजलेलं सामान हरवत नाही,” हवालदार खाली मान घालून म्हणाले. हे वाक्य त्या घरात बाराखडीच्या आधी शिकवलं जायचं. “आणि मला ही भिंतबिंत नको. अर्ज मागे घ्या. कागद नाही म्हणून कळवा. विषय संपला.”

बूट हातात धरून ते आत निघून गेले.

“बघ,” वायरमन म्हणाला.

“काय बघ? त्यांना हवंय ते,” सून म्हणाली. “काउंटरवर मनिऑर्डरची चौकशी करणारे म्हातारे असेच असतात. ‘आली नसेल तर राहू दे,’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी परत येतात.”

टेलरबाईंना हे कुणी सांगायला नको होतं. मागच्याच आठवड्यात चहा पिता पिता हवालदारांनी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, “काय गं, भिंतीवर नावं कोरतात ती किती उंचीवर कोरत असतील? खालून वाचता येत असतील ना?” आणि मग स्वतःच, “मला काय त्याचं,” म्हणून पेपर उघडला होता.

आता मुठीत धरून ठेवलेलं बाहेर काढायची वेळ आली होती. एकीकडे नवऱ्याचं नाव, दुसरीकडे आपली अब्रू. टेलरबाई उठल्या. भिंतीवरच्या खिळ्याला दोऱ्यात ओवून कापड बेतायचे साचे लटकवलेले होते. बाही, पाठ, कॉलर, सगळे कागदी. बरेचसे खाकी झालेले, कडा मऊ पडलेल्या. त्यांनी त्यातले तीन निवडून काढले आणि टेबलावर, अगदी फाईलीवरच ठेवले.

“हे घे,” त्या म्हणाल्या.

“आई, कॉलरचा साचा कशाला आता?”

“उलटा करून वाच.”

हेडबाईंनी साचा उलटला. चष्मा कपाळावरून नाकावर ओढला. त्यांचं तोंड उघडं पडलं ते तसंच राहिलं. शाळेत तसं कधी घडल्याचं ऐकिवात नाही.

कॉलरवर छापील अक्षरात वडिलांचं नाव होतं आणि त्याखाली ‘स्वतःच्या जिवाची पर्वा न क’. पुढचं वाक्य मानेच्या गोलाईत कापलं गेलं होतं.

“आई!”

“मला वाचता कुठे येत होतं तेव्हा?” टेलरबाई म्हणाल्या. एकदा तोंड उघडल्यावर मग सगळं धडाधड बाहेर आलं. “दहा दिवसांच्या रजेवर आले होते. आले ते जेवले आणि एक दिवस, एक रात्र मेल्यासारखे झोपले. दवाखान्याच्या साठ शर्टांचं काम माझ्या अंगावर. पहिलंच मोठं काम. साच्याला जाड कागद नाही आणि दुकानं बंद. मी यांची पिशवी धुण्याचे कपडे काढायला उघडली तर तळाशी हा कागद. काय कागद होता! पुठ्ठ्याला पुठ्ठा नाही, कागदाला कागद नाही. कात्री अशी लोण्यासारखी चालली. आणि त्याच्यावर छापलेलं होतं. मला वाटलं, छापलंय म्हणजे वापरून झालेला असणार. वाण्याकडून पुडीला येतात तसा.”

वायरमन हसू दाबायला टेस्टरकडे बघत होता.

“मग पुढे तू मला अक्षरं शिकवलीस,” टेलरबाई लेकीकडे बघून म्हणाल्या. “बेचाळीस वर्षांची होते मी. साबणाचा कागद वाचायचे, बसची पाटी वाचायचे. दिसेल ते वाचत सुटले होते. एक दिवस दुपारी कॉलर बेतत होते आणि सवयीनं साच्यावरचंही वाचायला लागले. एका ओळीला अर्धी दुपार गेली. नाव वाचलं. पुढचं वाचलं. हा माणूस पुराच्या पाण्यात उतरला होता हे मला तेव्हा कळलं. आणि आपण काय कापलंय तेही त्याच घटकेला कळलं. आधी अभिमान वाटावा की आधी रडू यावं, मला ठरवताच येईना.”

“आणि तू चौतीस वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस?”

“तुला सांगितलं असतं तर तू सगळ्या शाळेला शुद्धलेखनाला घातलं असतंस.”

“मी सांगते बाबांना,” हेडबाई उठत म्हणाल्या.

“अजिबात नाही. कापलं मी, सांगेन मी.”

पण सांगायला आत जावं लागलं नाही. हवालदार दारातच उभे होते. एका पायात बूट, दुसरा हातात. ते कधीपासून उभे होते कोण जाणे. त्यांचे डोळे टेबलावरच्या तीन तुकड्यांवर खिळले होते.

“हा... हा पिशवीत होता?” त्यांनी विचारलं.

“तळाशी,” टेलरबाई म्हणाल्या. “अहो, मला खरंच...”

“म्हणजे गाडीत राहिला नव्हता?”

“कुठल्या गाडीत?”

हवालदार स्टुलावर बसले. बसले म्हणजे स्टूल तिथे होतं म्हणून, नाहीतर जमिनीवरच बसले असते.

“झोपून उठलो आणि पिशवी बघितली, कागद नाही,” ते हळूहळू म्हणाले. “म्हटलं, आगगाडीत बाकावरच राहिला. उतरताना गर्दी होती. सरकारी कागद, वर कर्नलसाहेबांची सही, आणि मी तो बाकावर विसरून आलो. दुसरी प्रत मागायची म्हणजे लिहून द्यावं लागतं, माझ्या निष्काळजीपणामुळे हरवला म्हणून. कुठल्या तोंडानं लिहिणार? पाण्यात उतरलो त्याची भीती वाटली नाही. त्या अर्जाची वाटली.”

“म्हणून तुम्ही आम्हाला कधी काही सांगितलं नाहीत?” सुनेनं विचारलं.

“कागद नसताना सांगायचं म्हणजे थाप मारल्यासारखं दिसतं.”

मग टेलरबाईंना काहीतरी आठवलं. “थांबा. त्या दिवशी तुम्ही सगळी पिशवी उलटीपालटी करत होता. मी विचारलं, काय शोधताय? तुम्ही म्हणालात, मोजे.”

“हो.”

“मी तुम्हाला मोजे आणून दिले.”

“दिलेस. घातले मी ते. उन्हाळ्यात.”

“म्हणजे तुम्ही मोजे शोधत नव्हता?”

“नव्हतो.”

वायरमनला आता राहवेना. “म्हणजे त्या तीनतीनदा मोजलेल्या पिशव्या... ताईच्या लग्नाच्या दोन बस... माझी मुलाखत... हे सगळं त्या कागदापायी?”

“अठ्ठेचाळीस वर्षं,” हवालदार म्हणाले, “मी स्वतःला गबाळा समजत आलो.” आणि त्यांचा आवाज चढला. “अठ्ठेचाळीस वर्षं! आणि माझं प्रमाणपत्र खिळ्याला! माझ्या डोक्यावर! इथे बसून मी रोज दाढी करतो!”

टेलरबाईंनी डोळे मिटून घेतले. पण पुढचा आवाज आला तो हसण्याचा होता. आधी घशात गुरगुरल्यासारखा, मग खोकल्यासारखा, आणि मग हवालदार इतके हसले की हातातला बूट खाली पडला.

“म्हणजे माझ्या अंगावरची प्रत्येक कॉलर...”

“ह्याच साच्याची,” टेलरबाई म्हणाल्या. “तुमचीच नाही. दवाखान्याची, शाळेतल्या शिपायांची, निम्म्या गल्लीची.”

“बुटक्याला सांगायला पाहिजे. तो सात माणसं म्हणतो. इथे तर सगळी गल्ली माझ्या प्रमाणपत्रात मान घालून हिंडते.”

हेडबाईंनी तोवर तुकडे जुळवायला घेतले होते. हसण्याचा तास वेगळा, कामाचा वेगळा. कॉलरवर नाव. कॉलरखालच्या पट्टीवर अर्धा शिक्का आणि पान गहाळ झालेल्या त्या दोन वर्षांतल्या, सीमेवरच्या सेवेच्या तारखा. मनगटपट्टीवर कर्नलसाहेबांची सही, तिच्यातून टाचणीची सतरा भोकं गेलेली. “तारखा आहेत म्हणजे सीमासेवेचं दुसरं पदकही मिळतंय,” त्या म्हणाल्या. “पण आदेश क्रमांक कुठाय? आई, क्रमांकाशिवाय सगळं फुकट आहे. आणखी तुकडा होता का?”

“होता. खिशाच्या झडपेचा.”

“मग? टाकलास?”

टेलरबाई पहिल्यांदाच त्या दिवशी जरा ऐटीत हसल्या. “मी एकही तुकडा टाकलेला नाही. तो तुमच्या बाबांनाच विचार. मशीन हलायचं म्हणून वीस वर्षांपूर्वी पायाखाली घडी कुणी घातली?”

सगळ्यांनी मशीनकडे पाहिलं. हवालदारांनीही पाहिलं. ती घडी त्यांचा अभिमान होता. आल्यागेल्याला ते दाखवायचे, मिस्त्री न बोलावता मशीन कसं स्थिर केलं ते.

“मला तेव्हा ओरडता आलं नाही,” टेलरबाई म्हणाल्या. “ओरडले असते तर का ओरडले ते सांगावं लागलं असतं.”

वायरमननं मशीन उचलून धरलं. ओढायला हेडबाई पुढे झाल्या. “उचल अजून. अजून थोडं. बोट सापडेल माझं.” “ताई, सावकाश. फाडशील.” दीड वर्षांत एवढी वाक्यं त्यांच्यात झाली नव्हती. घडी निघाली, तेलानं काळी पडलेली. सुनेनं पोस्टात चिकटलेली तिकिटं सोडवतात तशी ती नखानं अलगद उघडली. वायरमननं टॉर्च धरला. काळ्या डागाच्या कडेला, दोन घड्यांच्या मध्ये, क्रमांक होता. सगळेच्या सगळे आकडे.

“आता हे चिकटवायचं कशावर?” हेडबाईंनी विचारलं.

“चिकटवायचं नाही,” टेलरबाई म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या. “डिंकानं कागद आखडतो. मी कच्च्या टाक्यानं कापडावर बसवते. हवं तेव्हा उसवता येईल. सरक, आणि तुझी ती फाईल उचल माझ्या टेबलावरून.”

मंगळवारी अकराला हवालदार आणि टेलरबाई अभिलेख कार्यालयाच्या चौथ्या खिडकीपाशी उभे होते. लेक सोबत येते म्हणाली होती, मुलगाही म्हणाला होता. पण दोघं जिन्यावरून पुन्हा वाद घालण्यात गुंतली होती आणि या खेपेला वाद चांगला चालला होता. कठड्याची दिशा फिरवली तर कपाळ वाचेल, हे दोघांनाही पटलं होतं. फक्त हे आधी कुणी सुचवलं होतं यावर अडलं होतं. हवालदारांकडे एकच पिशवी होती. तीत छत्री आणि पोळीचा डबा. निघताना त्यांनी ती एकदाच मोजली.

खिडकीमागच्या कारकूनबाईंनी कापड उलगडलं. पांढऱ्या मांजरपाटावर चार तुकडे, प्रत्येकाच्या कडेनं लांब लांब टाके, मधल्या हरवलेल्या जागा मोकळ्या सोडलेल्या. बाईंनी ते जवळ धरलं, लांब धरलं.

“ही... कॉलर आहे का?”

“सोळा नंबरची,” टेलरबाई म्हणाल्या. चोरासारखं वाटणं त्या घरीच ठेवून आल्या होत्या.

मग सगळी कहाणी सांगून झाली. शेजारच्या तिसऱ्या आणि पाचव्या खिडकीचं काम तेवढा वेळ थांबलं होतं. कारकूनबाईंनी नाव पडताळलं, क्रमांक मोठ्या रजिस्टरात शोधला. बोट एका ओळीवर थांबलं. शिक्का उचलला, आणि मग तो पुन्हा खाली ठेवला. हवालदारांची पाठ आणखी ताठ झाली.

“एक रकाना राहिला,” बाई म्हणाल्या. “‘कागदाची स्थिती’. उत्तम, जीर्ण, फाटका, यातलं एक लिहायचं असतं. हा उत्तम म्हणवत नाही. जीर्णही नाही, चांगला दणकट आहे. आणि फाटका तरी कसा म्हणू, इतका सरळ कापलाय.” त्यांनी टेलरबाईंकडे पाहिलं. “शेवटचा कधी वापरला होता?”

“शनिवारी. बारा शर्टांचं काम होतं. म्हणून विचारते बाई, साचा परत कधी मिळेल?”

कारकूनबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन उचललं आणि रकान्यात एकच शब्द लिहिला, ‘वापरात’. मग शिक्का मारला.

“मूळ कागद आता आमच्या दप्तरी राहणार,” त्या म्हणाल्या. “पण झेरॉक्स काढून देते, होता त्याच मापाची. थांबा, साध्या कागदावर नको. आमच्याकडे जाड कागद आहे.”

बाहेर पायऱ्यांवर ऊन पडलं होतं. टेलरबाईंनी झेरॉक्सची गुंडाळी काखेत घट्ट धरली होती. बस आली, दोघांना खिडकीशी जागा मिळाली. हवालदार वाटभर बोलत होते. नाव कोरायला किती खोल कोरत असतील, पावसानं बुजेल का, बुटक्याला आधी फोन करावा की भिंतीपाशी उभं राहून करावा. तीन थांबे गेल्यावर ते एकदम गप्प झाले. त्यांनी पायाशी पाहिलं. बाकाखाली पाहिलं. मग मागच्या बाकाखाली.

टेलरबाईंच्या सगळं लक्षात आलं. पिशवी चौथ्या खिडकीपाशी, भिंतीला टेकून ठेवलेली, त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

“काय शोधताय?” त्यांनी विचारलं.

हवालदारांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि सरळ होऊन बसले.

“काही नाही,” ते म्हणाले. “मोजे.”